आंघोळ करून या

नांदूरघाट, ता. केज
२२ नोव्हेंबर २०१५

अयोध्ये,

कशी हायस ते इचारीत न्हाई. तू 'बरी आहे' असंच लिव्हणार, आन् माझा एक प्रश्न फुकट जाणार.

परवा तू फोनवर अर्धा तास बोललीस म्हणं. मला कळलं ते इतकंच की तू हायस. बाकी सगळं डब्यात खडे हालवल्यावाणी. तवा आता फोन न्हाई, पत्र. वैजिनाथच्या दुकानात दुपारचं गिऱ्हाईक नसतंय. त्याची बायको महानंदा लिव्हती, मी सांगते. मी 'पानी' म्हणलं की ती 'पाणी' लिव्हती. म्हणती, मावशी, तुमच्या नातीनं सहकाराची परीक्षा दिली हाय, तिला शोभलं पाहिजे. मी म्हणलं, कसंबी लिव्ह, हौदात न्हाई ते न्हाईच.

तुझे आई-बाप दिवाळी झाली तसे ऊसतोडीच्या टोळीसंगं कारखान्याला गेले. घरी मी आन् पाखरी गाय. पाखरी माझ्यापेक्षा कमी बोलती, म्हणून आमचं जमतंय.

लोक पैसे देऊन वाळूत बसायला तुमच्याकडं येतात, हे मला अजून खरं वाटत न्हाई. आपल्या नदीत निस्ती वाळूच हाय, कुणी येत न्हाई. आन् तू पाण्याचं काय म्हणत व्हतीस ते महानंदानं फोन कानाला लावून ऐकलं. पाहुण्यांना पाणी पुरत न्हाई म्हणं. त्यात काय इचारायचं? खोल जा. तुझा आजा जलमभर तेच म्हणला. इतकं पाणी समोर ठेवून पाण्याला रडणारी तू पहिलीच.

महानंदा म्हणती, शेवटी आशीर्वाद लिव्हायचा असतोय. लिव्ह म्हणलं.

तुझी आजी,
जानकीबाई

•

केतकवाडी, ता. वेंगुर्ला
२ डिसेंबर २०१५

आज्जी,

मी बरी आहे. प्रश्न फुकट गेलेला नाही, तू विचारलाच नव्हतास.

तुला इथलं नीट सांगते, म्हणजे महानंदावहिनींना फोन कानाला लावावा लागणार नाही. केतकवाडीत मासेमारी करणारी चौदा घरं आहेत. त्या घरांतल्या बायकांनी मिळून पर्यटन सहकारी संस्था काढली. हॉटेल नाही. प्रत्येक घरात पाहुण्यांसाठी एक-दोन खोल्या, जेवण त्या घरचं, आणि नोंदणी, हिशेब, साफसफाई संस्थेची. मी त्या संस्थेची व्यवस्थापक. अध्यक्ष आहेत गिरपबाई. मी राहते शेवंतीकाकी तांडेल यांच्या माडीवर.

बायकांनी संस्थेचे नियम फार विचार करून केलेत. किनाऱ्यावर बांधकाम नाही. केवड्याचं बन तोडायचं नाही, कारण त्यानं वाळू धरून ठेवलीय. कासवं अंडी घालायला येतात त्या महिन्यांत वाळूवर दिवे लावायचे नाहीत. पाण्याबद्दल मात्र एक ओळही नाही. इथे पाऊस असा पडतो की पाणी संपेल हे कुणाच्या मनातच आलं नसावं.

आणि संपतंय, आज्जी. पाहुणे सकाळी आंघोळ करतात, समुद्रातून आले की वाळू धुवायला करतात, रात्री घाम आला म्हणून करतात. प्रत्येक वेळी शॉवरचं, वरून सोडलेलं पाणी. विहिरी इथे पंधरा-वीस फुटांच्या. आपल्याकडे वीस फुटांवर तर मातीही ओली लागत नाही.

मी सभेत बोअरचा विषय काढला. शेवंतीकाकी तेवढ्या म्हणाल्या, "गो चेडवा, हंय खोल जाव नको. समुद्र काय लांब नाय." बाकी सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. गिरपबाई म्हणाल्या, "ह्या बीडच्या. पाण्याच्या बाबतीत ह्यांनी पाहिलंय ते आपण पाहिलेलं नाही." ठराव झाला. दीडशे फूट.

आबांना मी सांगितलंय, टोळीवरून घरी फोन करत जा म्हणून. तू एकटी आहेस. जपून राहा.

अयोध्या

•

नांदूरघाट
१६ डिसेंबर २०१५

अयोध्ये,

पत्र महानंदानं दोनदा वाचलं. तीन आंघोळीपाशी आली की थांबायची आन् म्हणायची, मावशी, तीन! दुकानात आलेल्या दोन बायांनाबी तेवढंच वाचून दावलं. गावात आता तुझी ओळख म्हणजे तीन आंघोळीवाल्यांची म्यानेजर.

मागल्या महिन्यात सुभद्राबाईच्या नातवाचं लगीन झालं. पत्रिकेत खाली छापलं व्हतं, 'कृपया आंघोळ करून यावे.' हसू नको. यंदा समद्या पत्रिकांत हेच हाय. पहिल्यांदा कुणी छापलं तवा लोक म्हणले, ह्या माणसाला लाज कशी वाटली न्हाई. आता ज्याच्या पत्रिकेत नसतंय त्याला लोक माजलाय म्हणतात. आमी आपले घरून तांब्याभर पाणी अंगावर घेऊन गेलतो. वऱ्हाडाला हात धुवायला एकच घागर. नवरा-नवरीला हळद लावली, ती दुसऱ्या दिवशीबी तशीच व्हती. पण जेवण झ्याक झालं, भांडण न्हाई, रुसवा न्हाई. पाण्याचं आधी सांगितलं की माणूस नीट वागतंय.

दीडशे फूट म्हणजे काय लई न्हाई. तुझा आजा असता तर हसला असता. त्यानं तिसरी बोअर चारशेला नेली. लागलं काय, तर गरम वारा.

पाखरी दूध संस्थेच्या मागं सावलीला बांधते मी. मी घरीच हाय, झ्याक हाय.

महानंदा काहीतरी जास्तीचं लिव्हायली. माझं वाक्य संपलं तरी हिची पेन्सिल चालूच हाय. काय लिव्हलंस म्हणलं तर म्हणती, आशीर्वाद. एवढा लांब आशीर्वाद मी कुणाला दिला न्हाई.

जानकीबाई

(अयोध्याताई, मावशी घरी नाहीत. गाईला घेऊन चारा छावणीत राहायला गेल्या आहेत. रात्रीही तिथेच असतात. तुम्हाला कळवू नको म्हणाल्या. — महानंदा)

•

केतकवाडी
८ जानेवारी २०१६

आज्जी,

छावणीत राहतेस आणि मला सावलीच्या गोष्टी सांगतेस? वहिनींवर रागावू नकोस. त्यांनी लिहिलं नसतं तर मला उन्हाळ्यात कळलं असतं. पांघरूण आहे का? रात्री गार असतं. पत्र पोचताच उत्तर दे, खरं.

इकडचं सगळं उत्तम. बोअरला पाणी लागलं, भरपूर. नाताळात चौदाही घरं भरली. गिरपबाईंनी नळ सोडला तेव्हा सगळ्या जमल्या होत्या, एकीनं नारळ फोडला. शेवंतीकाकी आल्या नाहीत, त्यांना कोळंबी निवडायची होती.

पुण्याची एक सहल कंपनी आली होती. त्यांना फेब्रुवारीपासून उन्हाळाभर दर आठवड्याला बस पाठवायची आहे. बायका म्हणतात, तुम्ही सांगाल तसं. दोन वर्षांपूर्वी एका बाहेरच्या माणसानं इथे केवड्याचं बन साफ करून मोठं हॉटेल बांधायचं म्हणून जागा मागितली होती. बायकांनी दिली नाही आणि ही संस्था काढली. ती चालली नाही तर गावातली पुरुषमंडळी त्याला परत बोलावतील. म्हणून ती चालली पाहिजे. मी बसचं हो म्हणणार आहे.

समुद्र आज अगदी शांत आहे, हौदातल्यासारखा. म्हणजे आपल्या हौदात पाणी असायचं तेव्हासारखा.

अयोध्या

•

नांदूरघाट, छावणी
२५ जानेवारी २०१६

अयोध्ये,

महानंदाशी मी एक दिवस बोलले न्हाई. दुसऱ्या दिवशी पत्र लिव्हायचं व्हतं, म्हणून बोलले.

तर हाय मी छावणीत. पांघरूण हाय. पाखरी हाय. शेजारी धर्मराजची म्हातारी हाय, ती रात्रभर घोरती, तवा चोराची भीती न्हाई. पाखरीला एकटी ठेवून घरी मला झोप येत न्हाई. बस्, एवढंच. त्यात लपवण्यासारखं काय व्हतं ते मलाबी आता सुचंना.

छावणी आपल्या दूध संस्थेनं घातली. सचिव गहिनीनाथ. तू त्याला बघितलंस, शर्टाची वरची गुंडीबी लावणारा. ह्या गुंडीवाल्यानं नियम काढला. म्हणला, टँकर रोज येतो हे धरून जनावरं घ्यायची न्हाईत. टँकर येणार न्हाई त्या दिवसाचं धरून घ्यायची. मग त्या हिशेबानं दावणी आखल्या आन् दार लावलं.

आन् तिसऱ्याच दिवशी माझा भाऊ हरिबा चार बैल घेऊन दारात. मी म्हणलं, गहिनीनाथ, रोज अर्धा टँकर उरतोय, चार बैल काय समुद्र पिऊन टाकणार? तो म्हणला, "मावशी, उरतोय म्हणून उरतोय." सभा घेतली. हात वर करा म्हणला. हरिबासाठी माझा एकटीचा हात वर. धर्मराजच्या म्हातारीनं वर केला व्हता, पण ती आळस देत व्हती.

हरिबा बैल घेऊन आष्टीकडं सासुरवाडीच्या छावणीत गेला. जाताना माझ्याकडं बघितलंबी न्हाई. म्हणला, बहिणीच्या दारात पाणी मिळालं न्हाई.

तवा तू गहिनीनाथ होऊ नको. येतात तेवढ्या बसा घे. तुझ्याकडं दीडशे फुटांवर पाणी हाय. दारातून माणूस परत पाठवणं वाईट.

जानकीबाई

•

केतकवाडी
१४ मार्च २०१६

आज्जी,

तुझं पत्र मिळालं होतं. उत्तराला उशीर झाला, काम होतं. इकडे सर्व ठीक.

एक विचारायचं होतं. गहिनीनाथकाकांनी तो नियम काढला, त्यानंतर तो पाळला गेला का? की मागून कुणाची जनावरं घेतली? आणि टँकर खरंच कधी चुकला का?

पाडव्याला यायचा विचार आहे. कदाचित थोडे जास्त दिवस राहीन. नोकरीचं बघू.

अयोध्या

•

नांदूरघाट, छावणी
२४ मार्च २०१६

अयोध्ये,

महानंदानं तुझं पत्र वाचलं आन् म्हणली, संपलं. मी म्हणलं, उलटून बघ. उलटूनबी काही न्हवतं.

दर पत्रात तू समुद्राचं एक काहीतरी लिव्हतीस. ह्यात समुद्र न्हाई. मी छावणीत कशी हाय ते इचारलंबी न्हाई. आन् गहिनीनाथला काका म्हणलीस. तू त्याला लहानपणी गुंडी म्हणायचीस. तवा सर्व ठीक न्हाई, एवढं मला न वाचता येऊनबी कळतंय.

इचारलंस त्याचं सांगते. मागल्या पंधरवड्यात टँकर दोन दिवस आला न्हाई. वाटंत कुठं टँकरच्या चाकावरचा पाटा तुटला म्हणले. पहिला दिवस निभला. दुसऱ्या दिवशी जनावरं हंबरायला लागली तवा समद्यांनी गहिनीनाथकडं बघितलं. त्यानं हौदाचं झाकण काढलं. एका एका जनावराला अर्धी अर्धी बादली, पण समद्यांना पुरली. हरिबाचे चार बैल असते तर कुणाचीतरी दावण कोरडी राहिली असती. पाखरीची राहिली असती का, त्याचा इचार मी रात्रभर केला. सकाळी गहिनीनाथला म्हणलं, तुझी गुंडी बरोबर हाय. तो म्हणला, काय? मी म्हणलं, काही न्हाई, च्या पी.

आता पाडव्याचं. येऊ नको. पाहुणी म्हणून ये, चार दिवस राह्य, आंघोळ करून ये. पण कुठून तरी पळून येत असशील तर इथं तुला द्यायला घागर न्हाई.

काय केलंस ते लिव्ह. महानंदा कुणाला सांगणार न्हाई. म्हणजे दुकानात सांगल, पण हळू.

जानकीबाई

•

केतकवाडी
६ एप्रिल २०१६

आज्जी,

लिहिते.

बोअरचं पाणी फेब्रुवारीत मचूळ झालं. मी म्हटलं, दगडाची चव असेल, अजून वीस फूट नेऊ. आपल्याकडे असंच करतात ना. नेली. पाणी वाढलं आणि सरळ खारं झालं. मग त्या पाण्याला भांडी आणि संडास लावले आणि पिण्याला विहिरी. पंप चालूच ठेवला, कारण बस येतच होत्या.

महिनाअखेर एका सकाळी शेवंतीकाकी माडीवर आल्या. हातात पातेलं. त्या कधी वर येत नाहीत, गुडघे दुखतात त्यांचे. पातेलं माझ्यासमोर ठेवलं. वरण होतं. पाण्यात डाळ वेगळी, दाणा न् दाणा.

"सकाळपासून चुलीर आसा," म्हणाल्या. "माझी बाव खारी झाली. आता मी वरण खयच्या पाण्यात शिजवू? तूच सांग माका."

मी एक दाणा बोटांत दाबून बघितला, दबेना. मग त्या म्हणाल्या, "मी सांगितलंय तुका." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांची बाव, म्हणजे विहीर, त्यांच्या सासऱ्यानं खणलेली. परसातली लाल माठाची भाजी आठ दिवसांत पिवळी पडली. इथे जमिनीखाली गोड पाणी पातळ थरासारखं असतं, खाली सगळा समुद्र. वरचं गोड जोरानं ओढलं की खालचं खारं वर चढतं. पाणी खात्याच्या माणसानं येऊन सांगितलं. म्हणाला, "आधी विचारायचं होतंत." काकींनी तेच सांगितलं होतं, फक्त एका वाक्यात.

राजीनामा लिहून ठेवला होता, तेव्हा तुला ते पत्र लिहिलं. तुझं उत्तर आलं, मग सभा बोलावली.

सभेत मी आधी जे झालं ते सांगितलं. कुणी म्हणालं, टँकर मागवू. कुणी म्हणालं, हॉटेलवाला समुद्राचं पाणी गोड करायचं यंत्र बसवणार होता, त्यालाच बोलवा. मग मी छावणीचं सांगितलं. टँकर येणार नाही त्या दिवसाचं धरून दावणी आखायच्या. आपण डिसेंबरमधली विहीर बघून खोल्या भरतो, मे महिन्यातली बघून भरायला हव्यात. गिरपबाई म्हणाल्या, "म्हणजे माणसं जनावरांसारखी मोजायची?" मागून एकजण म्हणाली, "जनावर तीनदा न्हात नाय." सगळ्या हसल्या. त्या दिवसात पहिल्यांदा.

रात्री उशिरापर्यंत चाललं. ठराव झाला तो असा: बोअर कायमची बंद. विहिरीत मे महिन्यात जेवढं उरतं तेवढ्यावर गावात मुक्कामाला किती माणसं ते ठरणार. आता होती त्याच्या निम्म्याहून कमी बसतात. त्यापुढे कोणीही आलं तरी नाही. वरून सोडलेलं पाणी बंद, माणशी दोन बादल्या. आणि नोंदणीच्या चिठ्ठीवर छापायचं: 'कृपया आंघोळ करून या. इथे पाणी मोजून आहे.' हे मी सुचवलं. सुभद्राबाईंच्या नातवाच्या लग्नाचं नाव घेतलं नाही.

बस कंपनीनं करार मोडला. दोन घरं संस्था सोडायचं म्हणतायत. शेवंतीकाकींनी हात वर केला नाही, विरोधातही केला नाही. उठून गेल्या.

राजीनामा फाडलेला नाही, दिलेलाही नाही. रोज सकाळी गावाच्या वरच्या विहिरीवरून त्यांना दोन कळश्या आणून ठेवते. त्या घेतात. बोलत नाहीत.

अयोध्या

•

नांदूरघाट, छावणी
२० एप्रिल २०१६

अयोध्ये,

आज घरी जाऊन तुझ्या आज्याच्या फोटोला मी पाठ केली. 'खोल जा' त्याचंच. पण तुला लिव्हून मी पाठवलं, तो तर भिंतीवर व्हता. तवा अर्धी बोअर माझी. आन् येतात तेवढ्या बसा घे, हेबी मीच. त्या शेवंतीबाईला सांग, माझी नात एकटी एवढी शहाणी न्हाई, घरून मदत व्हती.

आपल्या जमिनीची अक्कल आपण पोत्यात भरून दुसऱ्याच्या गावाला नेतो, हे खरं. इथं चारशे फुटांवर गरम वारा लागला, तिथं दीडशेवर समुद्र. दोन्हीकडं हात कोरडा. पण आपण थांबलो कधी? पैल्या बोअरला तुझा आजा रडला, दुसऱ्याला चिडला, तिसऱ्याला म्हणला, अजून जरा.

राजीनामा ठेव पेटीत. देऊ नको. फाडूबी नको. वेळप्रसंगी पंख्यावाणी वारा घ्यायला होईल.

कळश्या चालू ठेव. ती बोलती का न्हाई ते बघू नको. मी हरिबाला दर सोमवारी निरोप धाडते, तो उत्तर देत न्हाई. पण परवाच्याला निरोप्याला म्हणला म्हणं, "तिची गाय कशी हाय?" गाईचं इचारलं. म्हणजे माझं इचारलं.

सोबत पिशवीत तूर डाळ पाठवायली. आपल्याच रानातली, गेल्या सालच्या आधीची. वैजिनाथ टपालात घालताना म्हणला, मावशी, कोकणात डाळ मिळत न्हाई का? मी म्हणलं, तुझ्या दुकानात मिळती तसली मिळती. शेवंतीबाईला दे. सांग, आत्ता शिजवू नको. तिच्या विहिरीवर ज्या दिवशी शिजल त्या दिवशी मला कळव. आमच्याकडं पाण्याची पारख हीच. बोअरच्या पाण्यात आमची डाळबी शिजत न्हाई, ते तिला सांग. तिला वाटू नये की ती एकटीच.

जानकीबाई

•

केतकवाडी
१२ ऑक्टोबर २०१६

आज्जी,

मे महिन्यात घरी येऊन गेले तेव्हा बोललो, त्यानंतर हे पहिलंच पत्र. मांजरा धरण भरल्याचं आबांनी फोनवर सांगितलं. पाखरी छावणीतून घरी आली, ओट्यावर बसते, हेही. तू तिच्याबद्दल 'माझ्यापेक्षा जास्त हक्क दाखवती' म्हणालीस ते ऐकून इथे सगळ्या हसल्या.

समुद्राचं आधी सांगते, म्हणजे तू पत्र उलटून बघायला नको. पावसाळाभर काळा होता, आता निवळलाय. किनाऱ्यावर केवडा फुललाय.

शेवंतीकाकींनी तुझी डाळ फडताळात वर ठेवली होती. जुलैत एकदा मूठभर लावली. अर्धीकच्ची. काही न बोलता पिशवीला गाठ मारली. चवथीला गणपती आले तेव्हा परत लावली. मऊ, पण घोटेना. मी रोज कळश्या ठेवतच होते. काल दसऱ्याला सकाळी माडीखालून हाक आली. मार्चपासून पहिली.

"गो अयोध्या! तुझ्या आजीक सांग, डाळ शिजली. पण वेळ लागलो."

खाली गेले. पळीनं घोटून दाखवली. मग म्हणाल्या, "आता त्या कळश्यो माझ्या दारात नको. पाय लागतत."

म्हणजे बोलल्या, आज्जी.

दोन घरं सोडून जाणार होती, त्यातलं एक गेलं, एक राहिलं. उत्पन्न गेल्या नाताळाएवढं नाही. पण हॉटेलवाला पावसाळ्याआधी येऊन गेला, त्याला बायकांनी चहा दिला आणि दोन बादल्यांचा नियम सांगितला. तो परत आला नाही.

आता अवघड भाग. तुझा निरोप आबांकडून मिळाला. दिवाळीत तुला समुद्र बघायचाय. आज्जी, दिवाळीची संख्या पुरी झालीय. तीन महिने आधीच लोकांनी नोंदणी केलीय. मी सभेत विचारलं नव्हतं, पण गिरपबाईंना कळलं आणि त्यांनीच सभेत विषय काढला. म्हणाल्या, "आजी काय पाहुणी? आपलं माणूस." सगळ्यांनी मान हलवली. हो म्हटलं असतं तर एकीनंही हरकत घेतली नसती.

कोपऱ्यातून शेवंतीकाकी म्हणाल्या, "आजी काय आंघोळ करणा नाय?"

माना हलायच्या थांबल्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, अगदी गेल्या वर्षी बोअरच्या ठरावाच्या वेळी बघत होत्या तशा. आपल्या एका माणसासाठी दार उघडलं की पुढच्या वर्षी तेरा घरांच्या आत्या आणि मावश्या येणार, हे प्रत्येकीला माहीत होतं. मी नाही म्हणाले. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शेवंतीकाकींकडे जागा आहे, तुझं नाव लिहून ठेवलंय.

तू आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलंस आणि मी दारातून परत पाठवतेय. हे पत्र टाकताना मला बरं वाटत नाहीये.

अयोध्या

•

नांदूरघाट
२२ ऑक्टोबर २०१६

अयोध्ये,

महानंदानं पत्र वाचताना आवाज बारीक केला. तिला वाटलं मी रडन. मी म्हणलं, मोठ्यानं वाच, गिऱ्हाईकाला ऐकू जाऊ दे. मग दुकानातल्या बाकड्यावर बसून मी समद्यांना सांगितलं, माझ्या नातीनं मला पाण्यासाठी दारातून परत धाडलं. एकजण म्हणली, बाई गं, कसली नात! मी म्हणलं, कसली म्हणजे? व्यवस्थापक हाय.

गहिनीनाथ च्या पीत बसला व्हता. त्यालाबी ऐकवलं. त्यानं कप खाली ठेवला. आन् वरची गुंडी काढली.

तू बरं वाटत न्हाई म्हणतीस. मग मला दिवाळीत घेतली असतीस तर बरं वाटलं असतं का? आले असते, समुद्र बघितला असता, आन् तुझ्या सभेत पुढल्या साली कुणी हात वर केला नसता. त्यापरीस तू मला परत धाडलंस ते मला जास्त आवडलं. मात्र हे तुझ्या आईला सांगू नको. ती म्हणल, सासूला कुणी परत धाडायचं असतं हे आधी ठाव असतं तर.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येते. एकटी न्हाई. परवा हरिबा आलता. चार बैल ओट्यापुढं उभे केले, पाखरीला बघितलं, मला बघितलं. म्हणला, "तुझ्या हौदात पाणी हाय का?" हाय म्हणलं. बैल पाणी पिईस्तोवर तो त्यांच्या पाठीवर हात फिरवत व्हता. मग म्हणला, "समुद्राला जायलीस म्हणं." त्याला तुझं पत्र ऐकवलं. नातीनं आजीला परत धाडलं, इथपर्यंत आल्यावर तो एवढा हसला की बैल दचकले. म्हणला, मी बी येतो, त्या पोरीला बघायचंय.

तवा दोघांची जागा हाय का ते शेवंतीबाईला इचार. एकाचीच असल तर हरिबाला वेशीबाहेर ठेवू, त्याला सवय हाय. तिला म्हणावं, डाळ आणते, यंदाची, नवी. वेळ लागणार न्हाई.

आन् चिंता करू नको. आमी दोघं आंघोळ करून येतो.

जानकीबाई

महानंदा इचारती, शेवटी आशीर्वाद लिव्हू का. ह्या बारीला तिला म्हणलं, लांब लिव्ह.